टॉर्चच्या बुडातला जादा बल्ब

जुन्या, डी सेलच्या मॅगलाइट टॉर्चचे बूड फिरवून काढले की स्प्रिंगच्या वेटोळ्यात दडवलेला एक बल्ब सापडतो. चण्याएवढी काच, तिच्याखाली पत्र्याची गळपट्टी आणि टोकाला कथिलाचा ठिपका. पुढचा बल्ब ऐन वेळी उडाला तर माणूस अडू नये म्हणून कारखान्यानेच केलेली ही सोय. आज अमेरिकेतल्या हार्डवेअरच्या दुकानातून नवी टॉर्च आणून तिचे बूड उघडले, तर तिथे जादा काही नसते. पुढचा दिवाही बहुधा निघत नाही.

टॉर्चचा बल्ब किती टिकतो, किती टिकायला हवा, ते कोणी ठरवायचे आणि घरात जादा किती ठेवावेत, हे प्रश्न किरकोळ वाटतात. पण अमेरिकेत त्यांच्यावर अभियंत्यांनी, कंपन्यांनी, सरकारी वकिलांनी, खलाशांनी आणि गुहांत उतरणाऱ्यांनी आपापली उत्तरे दिली आहेत. त्या उत्तरांचा हा आढावा.

आधी एका शब्दाबद्दल. आपल्या गावाकडे टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात आणि तिच्यात घालतात ते ‘सेल’. शहरातला माणूस या बोलण्याला हसतो, पण त्यात तथ्य आहे. टॉर्चचा प्रकाश आणि बल्बचे आयुष्य ठरते ते बरेचसे सेलवरच.

चमकून विझणारा दिवा

१० जानेवारी १८९९ रोजी अमेरिकेत डेव्हिड मिसेल या न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या इंग्रज संशोधकाला हातात धरण्याच्या विजेरीचे पेटंट मिळाले. नळीत एकामागे एक ठेवलेले सेल, पुढे बल्ब आणि त्याच्यामागे परावर्तक, ही आजही ओळखू येणारी रचना त्यात होती. ते पेटंट कॉनरॅड ह्युबर्ट यांच्या कंपनीकडे होते. ह्युबर्ट मूळचे मिन्स्कचे, रशियन साम्राज्यातून आलेले ज्यू स्थलांतरित. त्यांनी मालाला ‘एव्हर रेडी’ हे नाव दिले आणि सुरुवातीच्या काही टॉर्च न्यूयॉर्कच्या पोलिसांना वापरायला दिल्या.

नाव ‘सदैव तयार’ असले तरी दिवा तसा नव्हता. कार्बनची तार विजेला हावरी आणि तेव्हाचे सेल अशक्त. बटण दाबून धरले की क्षणभर उजेड, मग सेलला विश्रांती. अमेरिकन इंग्रजीत टॉर्चला ‘फ्लॅशलाइट’ म्हणतात ते या चमकून विझण्यावरून. १९१० च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत विल्यम कूलिज यांनी टंगस्टनची लवचीक तार काढण्याची रीत बसवली आणि टॉर्च मिनिटेच्या मिनिटे जळू लागली. ह्युबर्ट यांची कंपनी १९१४ मध्ये नॅशनल कार्बनकडे गेली आणि १९१७ मध्ये नॅशनल कार्बन युनियन कार्बाइडच्या छत्राखाली आली. भारतातल्या खेड्यापाड्यांत पोचलेले एव्हरेडी हे नाव याच वाटेने आले.

पंधरा तासांचा हिशेब

टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळते. बल्बमधली तार त्याच्या खाली, पण दोन हजार अंशांच्या वर तापवली जाते. इतक्या तापमानाला धातू हळूहळू उडत राहतो, काचेवर जाऊन बसतो आणि काच आतून काळवंडते. तार एखाद्या जागी बारीक होते. बारीक जागा जास्त तापते, म्हणून तिथला धातू आणखी झपाट्याने उडतो. थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या सुमारे दशांशच असतो, त्यामुळे बटण दाबताक्षणी विजेचा लोंढा येतो आणि ती बारीक जागा तुटते. काल रात्री नीट चाललेली टॉर्च आज बटण दाबताच मिणमिणते आणि विझते, ती यामुळे. बल्ब बहुधा दगा देतो तो गरज पडते त्याच क्षणी.

अमेरिकेत दोन डी सेलच्या साध्या टॉर्चचा ठरलेला बल्ब म्हणजे पीआर२. गळपट्टीमुळे तो परावर्तकात नेमक्या जागी बसतो, तारेचा ठाव वेगळा जुळवावा लागत नाही. त्याची ठरीव मापे अशी: २.३८ व्होल्ट, ०.५ अँपिअर, उजेड सुमारे १० ल्युमेन आणि आयुष्य १५ तास. तीन सेलचा पीआर३ हाही १५ तासांचा. कमी वीज खाणारा आणि मंद पीआर६ मात्र ३० तासांचा. घरातल्या छताच्या बल्बला हजार तासांचा आकडा ऐकून असलेल्या माणसाला १५ तास हा छपाईतला दोष वाटावा.

पण हे १५ तास वापरावर पसरून पाहावे लागतात. रोज रात्री पाच मिनिटे अंगणात टॉर्च मारणाऱ्याला असा बल्ब १८० रात्री पुरतो. रोज दोन तास फेरी घालणाऱ्या पहारेकऱ्याचा आठवड्यात संपतो. वर्षातून एकदा, वादळात तासभर टॉर्च लावणाऱ्या घरात तोच बल्ब, कागदावर तरी, पंधरा वर्षे जातो. ‘बल्ब किती टिकतो’ याला एक उत्तर नाही ते म्हणूनच.

दुसरी गोम व्होल्टची. दोन ताजे सेल मिळून ३ व्होल्ट होतात आणि बल्ब मात्र २.३८ चा, कारण भार पडला की सेल खाली बसतात. तारेच्या बल्बचा ढोबळ नियम असा, की व्होल्ट १० टक्क्यांनी वाढवले तर उजेड तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त वाढतो, पण आयुष्य एक तृतीयांशावर येते. ५ टक्क्यांनी कमी केले तर उजेड सुमारे १६ टक्क्यांनी घटतो आणि आयुष्य जवळजवळ दुप्पट होते. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासून जळत असलेला प्रसिद्ध बल्ब टिकला आहे तो बराचसा अतिशय मंद जळतो म्हणून. त्या उजेडात रस्ता शोधता येणार नाही. उजेड आणि आयुष्य एकाच पिशवीतून काढायचे असतात, आणि टॉर्चच्या बल्बात ती पिशवी उजेडाच्या बाजूने रिकामी केलेली असते.

१९३२ चे पत्र

वादाला तोंड फुटले ते या निवडीवरून नव्हे, ती कोणी आणि कशासाठी केली यावरून.

१९२४ च्या डिसेंबरात जीनिव्हात ओसराम, फिलिप्स आणि इतर मोठ्या बल्ब कंपन्यांनी ‘फीबस’ नावाचा संघ केला आणि घरगुती बल्बचे आयुष्य हजार तासांवर आणले. जनरल इलेक्ट्रिक त्याची औपचारिक सभासद नव्हती, पण परदेशी हितसंबंधांतून जोडलेली होती. पुढे अमेरिकन सरकारने या कंपनीवर मक्तेदारीविरोधी खटला भरला आणि त्यात तिचा अंतर्गत पत्रव्यवहार उघड झाला. १९४६ च्या ‘कार्टेल्स इन ॲक्शन’ या स्टॉकिंग आणि वॉटकिन्स यांच्या पुस्तकाने त्याची दखल घेतली.

त्यातले १९३२ चे एक पत्र थेट टॉर्चच्या बल्बविषयी आहे. त्याचा आशय असा: पूर्वी एक बल्ब सेलच्या तीन संचांना पुरावा असा हिशेब होता. दोनतीन वर्षांपूर्वी आपण सुचवले, की बल्बचे आणि सेलचे आयुष्य साधारण सारखेच असावे. सेल करणाऱ्या कंपन्या अर्ध्या वाटेवर आल्या आणि त्यांनी दोन संचांचा बल्ब मान्य केला. आता तो एका संचावर आणला, तर टॉर्चच्या बल्बचा धंदा सुमारे ६० टक्क्यांनी वाढेल.

योगायोग असा, की त्याच १९३२ साली मंदीने ग्रासलेल्या न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड लंडन यांनी एक पुस्तिका काढली. वस्तूंचे आयुष्य कायद्यानेच ठरवून संपवावे आणि मंदी हटवावी, असा तिचा प्रस्ताव होता.

न्यू जर्सीच्या फेडरल न्यायालयाने १९४९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकला मक्तेदारीबद्दल दोषी धरले आणि १९५३ च्या अंतिम आदेशात तिला दिव्यांची पेटंटे खुली करायला लावली. निकालाचा कणा मक्तेदारीचा होता. बल्ब किती तास टिकावा याचा निवाडा त्यातून झाला नाही.

तीन भूमिका

पहिली भूमिका अभियंत्यांची. सेलमधून मिळणारी वीज घराच्या विजेहून शेकडो पट महाग पडते, बल्ब मात्र काही सेंटचा. मग महाग विजेतून जास्तीत जास्त उजेड काढायचा, तर तार कडक तापवावी लागते आणि बल्ब लवकर जातो. १०० तासांचा टॉर्च बल्ब करणे अवघड नाही. पण तो त्याच सेलवर इतका पिवळट, मंद जळेल की ग्राहक तेवढ्याच उजेडासाठी सेलच्या जोड्या जास्त आणील. त्यांच्या मते १५ तास ही लबाडी नसून काटकसर आहे.

दुसरी भूमिका ग्राहकाच्या बाजूची. तिचे म्हणणे, की तडजोड असेल, पण ती ग्राहकाला सांगितली गेली नाही. १९३२ च्या पत्रात मोजमाप उजेडाचे नाही, विक्रीचे आहे. आयुष्य तीनावरून दोनावर, दोनावरून एकावर आणण्याचे कारण ग्राहकाची सोय असते, तर ते जाहिरातीत झळकले असते. मार्कुस क्रायेव्स्की यांनी २०१४ मध्ये ‘आयईईई स्पेक्ट्रम’ मासिकात फीबसचा इतिहास मांडला, तेव्हा ही भूमिका नव्या पिढीपर्यंत पोचली.

तिसरी भूमिका मधली. ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने १९५१ च्या अहवालात घरगुती बल्बबद्दल म्हटले, की उजेड, विजेचा खर्च आणि आयुष्य यांत तडजोड अटळ आहे आणि सर्वांना योग्य असा एकच आकडा नाही. या वाटेने जाणारे विचारतात, की आकडा किती यापेक्षा तो छापला जातो का? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७० मध्ये घरगुती बल्बच्या वेष्टनावर वॉट आणि ल्युमेनबरोबर तासही छापणे सक्तीचे केले. टॉर्चच्या बल्बच्या पुठ्ठ्यावर मात्र ‘दोन डी सेलसाठी’ एवढे असते, तास क्वचितच.

या वादात एक चौथा खेळाडू न बोलता उतरला. युनियन कार्बाइडच्या क्लीव्हलंडजवळच्या प्रयोगशाळेत लुइस उरी यांनी अल्कलाइन सेल तयार केला आणि १९५९ पासून तो बाजारात आला. जनरल इलेक्ट्रिकचे दिव्यांचे मुख्यालय नेला पार्कही क्लीव्हलंडलाच. म्हणजे बल्बचे आणि सेलचे भवितव्य एकाच शहराच्या दोन टोकांना घडत होते. पीआर२ पंधरा तासांत साडेसात अँपिअर-तास खातो. जुना जस्त-कार्बनचा डी सेल त्याच्याआधीच धापा टाकी. अल्कलाइन डी सेलची धारण १२ ते १८ अँपिअर-तास, आणि तो भाराखाली कमी वाकतो, म्हणजे बल्ब जास्त तापवतो. सेल ओसरत जातात तसे बल्बचे आयुष्य थोडे लांबते हे खरे. तरीही सेलची एक जोडी संपण्याआधी बल्ब उडणे आता अनपेक्षित राहिले नाही. १९३२ च्या पत्राला जे हवे होते, ते चांगल्या सेलने कोणी न सांगता करून टाकले.

जादा ठेवण्याची रीत

ज्यांचा जीव उजेडावर टांगलेला असतो, त्यांनी हा वाद मिटण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी नियम केले.

समुद्रावर हा नियम कायद्यात आहे. अमेरिकन तटरक्षक दलाच्या नियमांप्रमाणे जीवरक्षक नौकेतल्या टॉर्चबरोबर सेलचा एक जादा संच आणि एक जादा बल्ब जलरोधक डब्यात ठेवायचा असतो. आंतरराष्ट्रीय नियमही तेच सांगतो. आकाशातला नियम वेगळा: मोठ्या विमानांत किमान दोन डी सेलची किंवा तिच्या तोडीची, चालू स्थितीतली टॉर्च असावी एवढेच तो म्हणतो. जादा बल्बचा त्यात उल्लेख नाही.

लष्कराच्या काटकोनी मानेच्या एमएक्स-९९१ टॉर्चच्या बुडात रंगीत काचांबरोबर जादा बल्बाचा कप्पा होता. खाणकामगारांच्या टोपीवरच्या दिव्यात युक्ती आणखी पुढची: एकाच बल्बात दोन तारा. एक तुटली तर बटण फिरवून दुसरी लावायची. अंधाऱ्या बोगद्यात काळ्या बोटांनी बल्ब बदलण्याचा प्रसंगच नको. कॅलिफोर्नियात टोनी मॅग्लिका यांनी १९७९ मध्ये मॅगलाइट बाजारात आणली. पोलिसांच्या पट्ट्याला लटकणाऱ्या त्या टॉर्चमुळे बुडातला बल्ब सामान्य घरांतही पोचला.

गुहांत उतरणाऱ्यांचा नियम सर्वांत विचार करायला लावणारा आहे. प्रत्येकाजवळ उजेडाची तीन स्वतंत्र साधने हवीत, असा त्यांचा जुना दंडक. कारण साधे: बल्ब उडाला हे कळते ते अंधार पडल्यावर, आणि जादा बल्ब बसवायला उजेड लागतो. म्हणून एका टॉर्चला तीन बल्ब यापेक्षा तीन टॉर्च बऱ्या.

पन्नास हजार तासांचे वचन

१९९० च्या दशकात शुजी नाकामुरा यांच्या निळ्या एलईडीतून पांढरा एलईडी निघाला आणि चित्र पालटले. पीआर२ एका वॉटला आठनऊ ल्युमेन देतो, आजचे एलईडी शंभरावर. तुटायला तार नाही, काच नाही. वेष्टनावर ५०,००० तास लिहिलेले असते. रोज पाच मिनिटांच्या हिशेबाने ती १,६०० वर्षांहून जास्त होतात. असे भागाकार करून पाहिले की आकड्याचा अर्थ जपून लावावा हे कळते.

एलईडी सहसा एकदम उडत नाही, तो मंदावतो. उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर आला की आयुष्य संपले असे दिवाबत्तीच्या क्षेत्रात धरतात. एलएम-८० या अमेरिकन चाचणीत चिप किमान ६,००० तास जाळून पाहतात आणि टीएम-२१ या रीतीने पुढचा अंदाज बांधतात, तोही चाचणीच्या सहापटीपर्यंतच. म्हणजे ६,००० तासांच्या चाचणीवरून ३६,००० च्या पुढे बोलता येत नाही. शिवाय ही चाचणी चिपची असते, टॉर्चची नाही. लहान टॉर्चमध्ये चिप जास्त विजेवर आणि जास्त उष्णतेत चालवली जाते.

टॉर्चसाठी अमेरिकेत २००९ पासून एफएल-१ हे मानक आहे. ते उजेड, पल्ला, सेल किती वेळ पुरतात, पडझड आणि पाणी यांची मोजणी ठरवते. दिवा किती वर्षे टिकेल, हा रकाना त्यात नाही.

अजून न सुटलेले

पहिला प्रश्न नादुरुस्तीचा. एलईडी टॉर्च बंद पडते तेव्हा दोष बहुधा चिपमध्ये नसतो. तो वीज आवरणाऱ्या छोट्या पाटीत, बटणात किंवा सेलच्या गळतीत असतो. अल्कलाइन सेलमधून झिरपणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड स्प्रिंग आणि पत्रा खाऊन टाकते. जुन्या टॉर्चचा उडालेला बल्ब कोणीही बदलत असे. आता सगळी टॉर्च बदलावी लागते. हे एकूण जास्त टिकाऊ की कमी, यावर एकमत नाही.

दुसरा प्रश्न जुन्या टॉर्चचा. पीआर२ च्या जागी बसणारे एलईडी बल्ब मिळतात. पण तारेच्या बल्बला धन-ऋण कळत नाही, एलईडीला कळते. उलटे सेल घालण्याच्या काही जुन्या टॉर्चमध्ये तो लागतच नाही. तारेचा बल्ब उष्णता उजेडाबरोबर पुढे फेकतो, एलईडीची उष्णता मागे बुडातून काढावी लागते, आणि प्लॅस्टिकच्या टॉर्चमध्ये तिला वाट नसते. अशा बल्बवरचे तासांचे आकडे कुठल्या टॉर्चमध्ये मोजले, हे वेष्टन सांगत नाही.

तिसरा प्रश्न नियमांचा. जादा बल्ब मागणारा समुद्रावरचा नियम तारेच्या बल्बच्या जमान्यात घडला. ज्या टॉर्चचा दिवा निघतच नाही, तिच्यासाठी ‘जादा बल्ब’ म्हणजे काय? अनेकांच्या मते दुसरी टॉर्च, हेच त्याचे आजचे रूप. सरकारच्या आपत्तीसाठीच्या घरगुती यादीने ते न बोलता अर्धे मान्य केले आहे: तिच्यात टॉर्च आहे, जादा सेल आहेत, बल्ब नाही.

घरापुरते

२९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्या राज्यात २० लाखांहून जास्त जोडण्यांची वीज गेली. एडिसन गाव आणि त्याचा परिसर अंधारात बुडाला. इथे मराठी घरे पुष्कळ. याच गावातल्या मेन्लो पार्कच्या टेकडीवर १८७९ मध्ये थॉमस एडिसन यांनी आपला बल्ब पेटवला, आणि त्या जागी उभारलेल्या मनोऱ्याच्या डोक्यावर आजही काचेचा भलामोठा बल्ब आहे. अशा रात्री खणात टॉर्च असते. पण सेल पाझरलेले असतात, किंवा बटण दाबल्यावर बल्ब क्षणभर चमकून जातो. १८९९ ची टॉर्च चमकून विझत असे, तशीच.

आढाव्यातून घरापुरता निघणारा निष्कर्ष छोटा आहे. खणातली टॉर्च आज काढा आणि पुढचा दिवा पाहा. तारेचा असेल, तर गळपट्टीवर कोरलेला पीआर क्रमांक वाचून तोच बल्ब दोन आणा. एक बुडात, एक सेलच्या पाकिटात. काच आतून काळी पडली असेल, तर उडण्याची वाट न पाहता बदला. एलईडीची असेल, तर जादा बल्बाच्या पैशांत दुसरी साधी टॉर्च घ्या आणि ती वेगळ्या खोलीत ठेवा. दोन्ही टॉर्चमधले सेल मात्र काढून, शेजारीच ठेवा.